पुणे ते अछाम: सगळा त्रास बनबसाच्या पाच किलोमीटरांत

आमच्या सोसायटीचे नेपाळी वॉचमन दाई (नेपाळीत दाई म्हणजे थोरला भाऊ) आणि त्यांची नऊ वर्षांची लेक यांना पश्चिम नेपाळात, अछामला पोचवून आलो. (आधी आम्हीही त्यांना ‘बहादूर’च म्हणायचो. नाव विचारायला चार वर्षं लागली.) वहिनी आणि धाकटा दोन वर्षांपासून गावीच. इकडे दाईंचा पाय मोडला, म्हणून सामान उचलायला मी.

दिल्लीपर्यंत काही विशेष नाही. आनंदविहारला एजंटाने ‘थेट महेंद्रनगर’ (सीमेपलीकडचं नेपाळी शहर) म्हणून तिकीट फाडलं आणि पहाटे चारला बसने सीमेअलीकडे, बनबसातच उतरवलं. थेट बस म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पुढे सीमा पाचेक किलोमीटर, वाटेत १९२८ सालचा शारदा बॅरेज, म्हणजे नदीवरचा बंधारा. गाड्यांसाठी फाटक ठरावीक वेळीच उघडतं. टांगेवाल्याने आठशे मागितले, तीनशेवर आला, तेही जास्तच.

खरा संताप पुढे. खाकीतल्या एकाने गोधडीत गुंडाळलेला जुना टीव्ही उघडायला लावला. मी वळून पाहिलं, तर दाईंनी पाचशेची नोट आधीच घडी करून मुठीत धरलेली! दर खेपेचा सराव. मी म्हटलं, पावती द्या. साहेबांचा टीव्हीतला रस तिथेच संपला. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही, लुटतात ते गावी परतणाऱ्या नेपाळ्यांना. म्हणून सोबत जाणार असाल तर मागे राहू नका, त्यांच्या पुढे चाला.

व्हिसा लागत नाही, पण मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट ठेवा, आधारच्या भरवशावर जाऊ नका. पैसे शक्यतो शंभराच्या नोटांत न्या. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, त्यामुळे भाडं ठरवताना ‘आयसी की एनसी’ (भारतीय रुपये की नेपाळी) हे आधी विचारा. मी विचारलं नाही, महेंद्रनगरात फसलो. मूल इथे जन्मलं असेल तर जन्मदाखल्यावरचं बापाचं नाव त्याच्या नेपाळी नागरिकतेच्या दाखल्याशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या, नाहीतर तिकडे वडा (वॉर्ड) कार्यालयात खेटे.

महेंद्रनगर ते अछाममधलं साँफेबगर तेरा तास. डडेलधुऱ्यानंतर वळणंच वळणं, मी तीनदा ओकलो. पावसाळ्यात दरडी कोसळतात, दसैंच्या (नेपाळी दसऱ्याच्या) तोंडावर टपावरही जागा नसते. वैशाखात जा.

धाकट्याने बहिणीला ओळखलंच नाही. ती मात्र आईला बघताच मराठीत म्हणाली, “आई, भूक लागलीये.” वहिनींनीही मराठीतच विचारलं, “एवढी का वाळलीस?”

तिथले चार दिवस मजेत गेले. परतताना बनबसा उजाडल्यावरच गाठलं. टांगा शंभरात.