हातच्याच्या वजाबाकीला उठणारा मुलगा

हडपसरमधल्या एका मराठी शाळेतून निरोप आला: पाचवीतला मुलगा रोज कुणाला तरी मारतो, बाई टेकीला आल्यात, एकदा येऊन जा. अशा निरोपात मूल कसं आहे याचं वर्णन भरपूर असतं, ते हे सगळं कधी करतं याबद्दल मात्र एक शब्द नसतो. समुपदेशकाचं निम्मं काम त्या 'कधी'च्या मागे लागण्याचंच.

शेवटच्या बाकावर बसून वहीत चार रकाने आखले. वेळ, आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. 'मस्ती', 'उद्धटपणा' हे शब्द त्यात चालत नाहीत. 'पुढच्याचं दप्तर पायानं ढकललं, दोनदा' असं लिहायचं. मस्ती मोजता येत नाही, ढकलणं मोजता येतं.

खिचडीनंतर गणिताचा तास. तोंडी पाढे चालू होते तोवर पठ्ठ्याचा आवाज सगळ्यांच्या वर. १:५२ला बाईंनी फळ्यावर दहा वजाबाक्या लिहिल्या. त्यानं तारीख टाकली, दोन गणितं उतरवली. १:५५ला शेजाऱ्याचं खोडरबर उचललं, १:५८ला पाठीत गुद्दा, २:०१ला "चल, बाहेर उभा राहा." गेला. रडला नाही, कुरकुरला नाही. व्हरांड्यात भिंतीला टेकून खडूच्या तुकड्यानं फरशीवर रेघा मारत बसला.

मला खटकलं ते हेच. लक्ष वेधायला गोंधळ घालणारं मूल बाहेर काढलं तरी खिडकीतून डोकावतं, वेडावून दाखवतं. यानं एकदाही आत पाहिलं नाही. त्याला वर्ग नको होता असं नाही, त्याला ती दहा गणितं नको होती.

वही त्याच्या बाकावरच पडली होती. ५२ – २७, उत्तर ३५. ६१ – ३८, उत्तर ३७. वरचा अंक लहान असला की खालच्यातून वरचा वजा करायचा, हा त्याचा नियम, आणि तो पक्का. म्हणजे बिनहातच्याची वजाबाकी येते, दशक मोडून सुटे करणं मागेच कधीतरी राहून गेलं. मधली पानं कोरी. चूक दिसण्यापेक्षा बाहेर उभं राहणं परवडतं, हा हिशेब मात्र बरोबर होता.

एका दिवसावर निदान करू नये, म्हणून आणखी दोन दिवस बसले. मध्ये त्याला तिसऱ्या बाकावरून फळा वाचायला लावला. नजर ठीक होती. हे आधी तपासलं नाही तर पुढचं सगळं फुकट जातं. तीन दिवसांत अकरा नोंदी, त्यातल्या नऊ लेखी काम दिल्यानंतर पाच-सात मिनिटांतल्या.

बाईंसमोर नोंदींचं पान ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "मग काय मॅडम, आत ठेवून बाकीच्यांनी मार खायचा?" प्रश्न रास्त होता. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक आहे. यांच्या पटावर शेहेचाळीस. एका मुलासाठी वेगळा तास घ्या, असं सांगणाऱ्या सल्लागाराला बाई चहा पाजून वाटेला लावतात, आणि बरोबर करतात.

म्हणून मोजकंच ठरवलं. फळ्यावर दहाच राहतील, त्याच्या वहीत बाई चारच गणितं लिहून देणार: पहिली दोन बिनहातच्याची, नंतरची दोन हातच्याची, सोबत झाडूच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या. गठ्ठ्याचा रबर स्वतः सोडल्याशिवाय दशक मोडणं म्हणजे काय ते कळत नाही. बाकावर पुठ्ठ्याचं लाल कार्ड. अडलं की ते उलटं करायचं, बाईंनी मिनिटाभरात जवळ यायचं. तासात दोनदा कार्ड दाखवून पाणी प्यायला जाता येईल, दोन मिनिटांत परत. सुटका हवी तर गुद्दा न मारताही मिळते, एवढं त्याला समजायला हवं होतं. गुद्दा मारलाच तर बाक बदलायचा, मार खाल्लेल्याला आधी बघायचं, चार गणितं मात्र सुटत नाहीत. शाबासकीही नेमकी: 'गुड बॉय' नको, 'दोन गणितं बसून केलीस' असं, आणि त्याच्याजवळ जाऊन, हळू.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी त्यानं कंपासपेटी फेकली. हे होतंच, रोज उघडणारं दार उघडेनासं झालं की माणूस आधी जोरात ढकलतो. बहुतेक शिक्षक नेमके इथे योजना सोडतात. बाई टिकल्या. घोटाळा झाला तो दुसऱ्या आठवड्यात. बाई प्रशिक्षणाला गेल्या, बदली शिक्षकांना कुणी काही सांगितलं नाही, त्यांनी त्याला दोनदा बाहेर काढलं. कधीतरी एकदा मिळणारी सुटका रोजच्या सुटकेपेक्षा चिवट सवय लावते, त्यामुळे पुढचे चार दिवस पुन्हा गुद्दे. मग योजनेचा अर्ध्या पानाचा कागद हजेरीपटात चिकटवला. पहिल्या दिवशीच चिकटवायला हवा होता, ती चूक माझी.

डायरीतून घरी तक्रार पाठवणं बंद केलं, कारण ती गेली की घरी त्याला मार बसत होता. आठवड्यातून एक ओळ जाते, काय जमलं त्याची.

चौथ्या आठवड्यात वहीत ४३ – १८ दिसलं. चारवर काट, वर तीन, उत्तर २५. कार्ड त्या तासात एकदाच उलटं झालं होतं. हिंदीच्या तासाला तो अजून व्हरांड्यातच असतो. तिथे काय लिहायला देतात, ते सोमवारी बघायचंय.