तुम्ही विचारलंत म्हणून: गाभण मांजरीचंही नसबंदीचं ऑपरेशन करता का?

हो. करतो.

हा प्रश्न नेहमी आवाज खाली आणून विचारला जातो. नोंदणीच्या टेबलाशी, फोनवर, ओळखीपाळखीत. “पोटात पिल्लं असली तरी करता म्हणे तुम्ही?” मी दर वेळी एकच उत्तर देऊन मोकळी होते: “डॉक्टर तपासून ठरवतात.” ते खोटं नाही. पण डॉक्टर ठरवतात ते एवढंच, की ही भाटी, म्हणजे मांजरी, किंवा ही कुत्री आज ऑपरेशन सोसेल का. बाकीचं त्याआधीच ठरलेलं असतं, फॉर्म भरताना, आणि फॉर्म भरून घेणारी मी असते. म्हणून आज पूर्ण उत्तर देते.

नसबंदी का करायची हे तुम्हाला सांगायला नको, तुमची जनावरं तुम्ही आमच्याकडेच आणता. कमी पैशांत कशी होते हेही माहीत आहे: डॉक्टर आपला सुट्टीचा दिवस देतात, पिंजरे धुण्यापासून टॉवेल वाळवण्यापर्यंतची कामं आम्ही स्वयंसेवक करतो, दिवसभर एकाच प्रकारचं ऑपरेशन करून डॉक्टरांचा हात बसलेला असतो. प्रत्येक जनावराला निर्जंतुक हत्यारांचा वेगळा संच, वजनाप्रमाणे मोजून दिलेली भूल, दुखण्यावरचं इंजेक्शन, यात काटकसर होत नाही. अमेरिकेतल्या, प्राण्यांच्या निवाऱ्यांत काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने अशा दवाखान्यांसाठी २००८ साली मार्गदर्शक तत्त्वं छापली, २०१६ साली सुधारली. आमचे डॉक्टर त्यांना धरून चालतात. आमच्याकडे खरंच कमी आहेत ते दिवस. महिन्यातले दोन रविवार, एका रविवारी जास्तीत जास्त तीस जनावरं. त्यामुळे यादी लांबते. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

पहिल्या वर्षी हा प्रश्न विचारणारी मीच होते. एका गाभण भाटीला ऑपरेशनला घेतात म्हटल्यावर मी ॲप्रन काढून ठेवला आणि तिला उचलून घरी नेलं. ती माझ्या कपाटाच्या खालच्या खणात व्याली. चार पिल्लं झाली, चारही जगली, चौघांना घरं मिळाली. कितीतरी दिवस मी हे अभिमानाने सांगत होते. मग एकदा लक्षात आलं, की त्याच आठवड्यात दवाखान्याच्या दारात कुणीतरी खोक्यात पिल्लं सोडून गेलं होतं. माझ्या पिल्लांना मिळालेली घरं त्यांना मिळू शकली असती. खोक्यातली तिघं गेली. तेव्हाची मी आज समोर आले तर म्हणेन, “पण माझी चार जगली ना?” जगली. त्यावर मला काही बोलता येत नाही. खोक्यातल्या तिघांवर तिलाही बोलता येणार नाही.

“बाळंत होऊ द्या, मग आणा,” असंही आम्ही सांगून पाहिलंय. काही जण आणतात. पण भाटी पिल्लांना पाजत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते, पुन्हा गाभण राहू शकते. कित्येक जण आले ते दुसऱ्या वेळच्या पोटासकट.

आता तो रविवार.

एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, रात्रपाळी करणाऱ्या. त्यांनी काळ्या-पांढऱ्या भाटीचं नाव नोंदवलं तेव्हा ती सहा महिन्यांची होती. तारीख मिळाली नऊ आठवड्यांनंतरची. दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. “ताई, ती माजावर आलीये. रात्रभर ओरडते, दाराला धडका देते. मी रात्री घरी नसते, मुलं दार उघडतात. जरा आधी घ्याल का?” माझ्यापुढे वही उघडी होती. पानभर नावं, प्रत्येकाचं काही ना काही कारण. मी म्हणाले, “यादी सगळ्यांना सारखीच आहे हो. दारं-खिडक्या बंद ठेवा.” मी नियमाने वागले. उद्धटपणे बोलले नाही. पण माजावर आलेली भाटी बोटभर फटीतून निसटते हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि एकदा निसटली की तेवढं पुरतं हेही. मांजरीत बीज सुटतं तेच मुळी बोक्याशी संग झाल्यावर, त्यामुळे एखाद्या रात्रीतही काम होऊन जातं. हे सगळं ठाऊक असून मी फोन ठेवला आणि पुढचं नाव लिहायला घेतलं.

सात आठवड्यांनी त्यांनी कॅरियर टेबलावर ठेवलं. फॉर्ममध्ये एक ओळ आहे: गाभण आढळल्यास ऑपरेशनला संमती आहे किंवा नाही. ती मी रोजच्या सवयीने भरभर वाचली. त्यांनीही तशीच भरभर ‘आहे’वर खूण केली. थोड्या वेळाने डॉक्टरांनी मला आत बोलावलं. त्यांचे हात अजून भाटीच्या पोटावरच होते. “सात आठवडे तरी झालेत,” त्या म्हणाल्या. “बाहेर जाऊन पुन्हा विचार. नुसत्या खुणेवर मी हे करणार नाही.” मांजरीचे दिवस साधारण त्रेसष्ट ते पासष्ट असतात. म्हणजे उरले होते दोन आठवडे.

बाई बाकावर बसल्या होत्या, रात्रपाळी करून तशाच आलेल्या. मी शेजारी बसून सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मी तेव्हाच फोन केला होता ना, ताई.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी नियम तरी सांगितला असता. तोवर मला तो फोन आठवतही नव्हता. त्या बोलल्या आणि सगळं आठवलं, वही, ते पान, माझं वाक्य. नऊ आठवडे म्हणजे त्रेसष्ट दिवस. आमची यादी मांजरीच्या गाभणकाळाएवढी लांब झाली होती, आणि इतके दिवस तारखा देणाऱ्या माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

“तुम्हीच सांगा, काय करू?” त्यांनी विचारलं. निर्णय तुमचा आहे, घाई नाही, हवं तर घरी न्या, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, “करून घ्या.” का म्हणाले, याची कारणं मी देऊ शकते. पिल्लांचा हंगाम होता, आसरा देणाऱ्या सगळ्यांची घरं भरलेली होती, त्या एकट्या कमावणाऱ्या होत्या. सगळं खरं आहे. पण त्या घटकेला मला ते प्रकरण मिटायला हवं होतं, आणि ती व्याली असती तर ते माझ्या डोळ्यांसमोर वाढत राहिलं असतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ऑपरेशनबद्दलही विचारता, तर सांगते. इतक्या दिवसांच्या पोटात रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्त जास्त जायची भीती असते, म्हणून शिरेतून सलाइन लावतात, वेळही जास्त लागतो. गर्भाशय न उघडता अखंड काढतात. भूल वारेतून पिल्लांपर्यंत पोचलेली असते. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातले डेव्हिड मेलर यांनी या विषयावर बरीच वर्षं काम केलंय. त्यांचं म्हणणं असं, की पोटातलं पिल्लू जन्मून श्वास घेईपर्यंत जागंच होत नाही. पोटातला कमी प्राणवायू आणि तिथली रसायनं त्याला झोपेत ठेवतात. म्हणजे त्याला यातना कळत नाहीत. हे मी मानते. मानते म्हणून तिथे उभी राहू शकते. पण ट्रे हातात घेताना ते आठवावं लागतं.

त्या दिवशी ट्रे माझ्याच हातात आला. वर निळं कापड होतं. खालून कोमट लागला आणि वाटलं होतं त्याहून जड. ठेवताना कापड एका बाजूने सरकलं. गर्भाशयाच्या एका फाट्यात तीन फुगवटे, दुसऱ्यात दोन. मोजायचे नव्हते, मोजले गेले.

संध्याकाळी भाटी बसती झाली होती. पोटावरचे केस काढलेले, टाक्यांशेजारी नसबंदीची गोंदलेली हिरवी रेघ, दोन्ही बाजूंना फुगलेली गुलाबी सडं. पुढे केलेलं खाणं तिने चाटूनपुसून संपवलं. बाईंनी कॅरियरचं दार लावलं आणि मान वर न करता विचारलं, “किती होती?”

“उघडत नाहीत ना, कळत नाही,” मी म्हणाले.

पुढच्याच बैठकीत मी हट्ट धरला, की दर रविवारी दोन जागा रिकाम्या ठेवायच्या, माजावर आलेल्यांसाठी. भांडून तो नियम करून घेतला. पाच महिन्यांच्या आत नसबंदी करा हे आता फोन उचलल्याबरोबर सांगते. भाटी चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते, सहाव्याची वाट बघायची नाही. पण दोन जागा बाजूला काढल्या म्हणजे तीसातल्या अठ्ठावीस उरल्या, आणि यादी आणखी लांबली. तिच्यात शेवटी असलेल्या कुणाची तरी भाटी त्यामुळे गाभण राहिली असेल. नक्कीच राहिली असेल. एका मैत्रिणीने मला विचारलं, “मग तू काय साधलंस?” मी तिच्यावर चिडले. चिडण्यासारखं ती काही बोलली नव्हती.

तर हो, करतो. विचारून करतो, आणि आता ती ओळ मी सावकाश वाचते, दोनदा. मालक ‘नाही’ म्हणाले तर ‘नाही’, एक शब्द वर बोलत नाही. परवा एक गृहस्थ ‘नाही’ म्हणून भाटीला परत घेऊन गेले. मला बरं वाटलं, आणि लगेच त्या पिल्लांना कोण घेणार ते मनात सुरू झालं.

आज सकाळी वही उघडली. यादी अकरा आठवड्यांवर गेलीये. या रविवारच्या दोन राखीव ओळी कालच भरल्या, आणि आता तिसरा फोन आलाय, सात महिन्यांची, कालपासून ओरडतेय. मी त्यांना थांबायला सांगितलंय. डॉक्टरांना फोन लावते, एकतीस करतील का म्हणून.