वहीतला एक खेळ अखेर मांडला

माझ्या एका दोनशेपानी वहीच्या शेवटच्या पानांवर 'कधीतरी खेळायचे' अशी पटावरच्या खेळांची यादी आहे. त्यात 'ब्रास बर्मिंगहॅम' आहे, ज्यात आधी कालवे खणायचे आणि मग रेल्वे टाकायची. 'ट्वायलाइट इंपीरियम' आहे, त्याला तीन ते सहा जण आणि अख्खा दिवस हवा. 'ग्लूमहेवन'चा खोकाच जवळजवळ दहा किलोंचा. दादरच्या आमच्या वन रूम किचनमध्ये रात्री गाद्या घालायच्या असतात, त्यामुळे अर्धा झालेला डाव तसाच ठेवता येत नाही. शिवाय बाहेरून मागवायचं म्हटलं की किमतीवर कुरिअर आणि ड्युटी चढते. यादी वाढत राहिली, खेळणं काही होईना.

यादीतलं पहिलं नाव मात्र 'ऊरचा शाही खेळ' असं होतं. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा खेळ. त्याच्यावर कुणाची मालकी नाही, तो घरी करता येतो, आणि दोघांत अर्ध्या-पाऊण तासात डाव संपतो. एवढं सगळं माहीत असूनही मी तो सात वर्षं नुसता वहीत ठेवला, याचं मला वाईट वाटायचं. या जूनमध्ये ठरवलं, आता करायचाच.

इराकमधल्या ऊर इथे लिओनार्ड वूली यांनी 1920 च्या दशकात राजघराण्याच्या कबरी खणल्या, तेव्हा हे पट मिळाले. त्यातला एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. शिंपल्याच्या चौकोनांत निळे आणि लाल दगड बसवलेले, त्यातल्या काही घरांवर आठ पाकळ्यांची फुलं. खेळायचं कसं, हे पटाबरोबर मिळालं नव्हतं. त्याच संग्रहालयातले आयर्विंग फिंकेल यांनी इ.स.पू. 177 मध्ये बॅबिलोनमध्ये लिहिलेली मातीची एक पाटी वाचली, आणि याच कुळातल्या खेळाचे नियम तीवर निघाले. पट आणि पाटी यांच्यात दोन हजारांहून जास्त वर्षांचं अंतर आहे, तरी त्यावरून फिंकेल यांनी मांडलेली सोपी पद्धत आज सगळीकडे खेळली जाते. मी तीच घेतली.

पहिला पट पुठ्ठ्याचा केला. अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून जाड पुठ्ठा आणला, घरं आखली, रंग दिला, आणि चार दिवसांत तो पापडासारखा वळला. जुलैची हवा, दुसरं काय होणार! वर वह्यांचा गठ्ठा ठेवून पाहिला, इस्त्री फिरवून पाहिली. मग नाद सोडला आणि गल्लीतल्या सुतारकाकांकडे गेले. सहा एमएम प्लायचा तुकडा त्यांच्याकडे पडलेलाच होता.

पट सरळ आयत नसतो. लांबीला आठ आणि रुंदीला तीन घरं धरली की चोवीस होतात, त्यातून दोन्ही बाजूंची दोन-दोन घरं कापायची. उरतात वीस. एका टोकाला बारा घरं, दुसऱ्या टोकाला सहा, आणि मधे दोन घरांचा पूल. मी साडेतीन सेंटिमीटरचं घर धरलं होतं, म्हणजे पट 28 बाय साडेदहा. काकांनी पेन्सिलीची खूण दोनदा तपासली, खाचा कापल्या आणि कडांवर स्वतःच पॉलिश पेपर मारून दिला. "मुलांचं खेळणं आहे का, ताई?" म्हणाले. मी म्हटलं, "आईसाठी आहे."

फासे मात्र अडले. मूळ खेळात चार टोकांचे चार फासे असतात, प्रत्येकाच्या दोन टोकांवर खूण. वर आलेल्या खुणा मोजायच्या. म्हणजे शून्य ते चार. सोळांतून सहा वेळा दोन पडतात, एक आणि तीन चार-चार वेळा, शून्य आणि चार एकेकदाच. हे गणित सांभाळायला हवं, नाहीतर खेळाची चवच बदलते. भुलेश्वरला पूजेच्या सामानाच्या दुकानातून कवड्या आणल्या आणि रात्री बसून शंभर दानं टाकली. माझ्या त्या चार कवड्या पालथ्याच जास्त पडत होत्या. शून्यच चौदा वेळा आलं.

आई हे सगळं पलंगावरून बघत होती. उठली, डब्यातून चिंचोके काढले, आणि मोरीच्या खडबडीत दगडावर पाणी टाकून एकेक घासायला बसली. एका बाजूचं तपकिरी साल जाऊन आतला पांढरा भाग दिसेपर्यंत घासायचा, दुसरी बाजू तशीच ठेवायची. मधेमधे बोटावर फिरवून ती उतार बघत होती. "फार घासला तर एकाच अंगावर बसतो," म्हणाली. लहानपणी वाईला ती चल्लस-आठ हा पटावरचा खेळ अशाच चिंचोक्यांनी खेळायची. या चार चिंचोक्यांची शंभर दानं मोजली, तर शून्य सात वेळा, चार पाच वेळा आणि दोन एकोणचाळीस वेळा. मला इतका आनंद झाला की मी तो कागद वहीत चिकटवून ठेवला.

शिवणाच्या डब्यातली सात काळी आणि सात पांढरी बटणं झाली सोंगट्या.

नियम सांगायला दहा मिनिटंही लागली नाहीत. आपल्या बाजूच्या चार घरांतून यायचं, मधली आठ घरं दोघांची, मारामारी तिथेच, मग पुन्हा आपल्या दोन घरांतून बाहेर. फुलावर सोंगटी पडली की आणखी एक दान, आणि मधल्या फुलावर बसलेल्याला कुणी मारू शकत नाही. आईने फुलावर बोट ठेवलं. "ही फुली म्हण की." चल्लस-आठमध्ये सुरक्षित घरावर फुलीच काढतात. पुढे ती अडून बसली, की एक तरी सोंगटी मारल्याशिवाय बाहेर जाता येऊ नये, आमच्यात तसंच होतं. मी म्हटलं, पहिला डाव पाटीप्रमाणे खेळू, दुसरा तुझ्याप्रमाणे.

पहिल्या डावात तिने एक सोंगटी मधल्या फुलीवर नेऊन बसवली आणि हलवलीच नाही. दुसऱ्या सोंगट्या पुढे काढत राहिली. माझी प्रत्येक सोंगटी तिच्या समोरून जायची आणि दोन-तीन घरांच्या आत मार खायची. चिंचोके ती दोन्ही तळव्यांत घोळवायची, टाकायची, आणि घरं न मोजता सोंगटी थेट जागेवर ठेवायची. मी तीन सोंगट्यांनी हरले. दुसऱ्या डावात, तिच्या नियमाने, माझ्या दोन सोंगट्या दारापाशी पोचूनही अडकल्या, कारण मी कुणाला मारलंच नव्हतं. त्या नियमाने खेळ जास्त रंगतो, हे मला मान्य करावंच लागलं.

कोचीच्या ज्यू घरांत याच कुळातला वीस घरांचा खेळ विसाव्या शतकातही खेळत असत. हे आईला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "त्यांचे फासे कसले होते?" ते मी अजून शोधते आहे.

वहीत त्या नावापुढे तारीख लिहिली, 10 ऑगस्ट. त्याच्या खाली 'गो' आहे, एकोणीस रेघांवर एकोणीस रेघा, 361 छेद. सुतारकाकांकडे मोठा प्लाय आहे का ते शनिवारी विचारणार आहे.