एक इंची ट्यूब आणि भलतीच डाय : बोटीच्या छताची कमान वाकवतानाचा माझा अनुभव

डाय, म्हणजे ज्या खाचेच्या साच्यावर ट्यूब वाकवतात तो, स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय ट्यूब कोणाच्या हातात देऊ नका. हे आधीच लिहून टाकतो, कारण माझा सगळा मनस्ताप तिथेच झाला आणि अजूनही आठवलं की डोकं तापतं.

चुलतभावाची फायबरची छोटी बोट रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर असते. छत होतं, पण दोनच कमानींचं आणि बुटकं. पुढे उभं राहून जाळं ओढायची जागा सगळी उन्हात. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. दुपारी त्या जागी माणूस टिकत नाही. म्हणून जुन्या कमानी तशाच ठेवून पुढे तिसरी, फूटभर उंच कमान घालायची ठरली.

नागपूरच्या इतवारीतल्या लोहाओळीतून स्टेनलेसची ट्यूब आणली. बाहेरून 1 इंच, जाडी 1.2 मिमी, ग्रेड 304. तलावाच्या गोड्या पाण्याला 304 पुरतं. 316 चा जादा खर्च समुद्राच्या खाऱ्या पाण्यात करावा. चुंबक चिकटलं नाही म्हणजे 304, असं दुकानात छातीठोकपणे सांगतात, पण 202 या स्वस्त ग्रेडलासुद्धा चुंबक चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

मग एका फॅब्रिकेशनच्या दुकानात गेलो आणि अडकलो. "होऊन जाते ना भाऊ, कायले टेन्शन घेता," एवढं ऐकून ट्यूब ठेवून आलो. त्यानंतर रोज तेच. आज गेटचं काम आहे, उद्या या. उद्या गेलं की मिस्त्री लग्नाला गेलेला. फोन केला की "निघालाच आहे". उन्हाळा सरत चालला होता, तिकडे भाऊ रोज विचारत होता. शेवटी मी तिथेच स्टूल टाकून बसलो, तेव्हा कुठे ट्यूब मशिनवर चढली.

मशीन हायड्रॉलिक होतं. मधून दट्ट्या डायला पुढे रेटतो, दोन्ही बाजूंना रोलर अडवून धरतात आणि पाइप मध्ये वाकतो. हँडल चार-पाच वेळा मारेपर्यंत सगळं ठीक दिसत होतं. मग आतल्या बाजूला एक बारीक सुरकुती उठली, कट्ट असा आवाज आला आणि ट्यूब पिचकली. बाहेरची बाजू चपटी, बाजूचे गाल फुगलेले. मालक म्हणाला, "तुमची ट्यूबच हलकी आहे."

मी तिथलाच व्हर्निअर उचलून डायच्या खाचेला लावला. 33 मिमीच्या वर! ती डाय पाण्याच्या एक इंची पाइपची होती. पाण्याच्या पाइपचा 'एक इंच' नाममात्र असतो. बाहेरून तो 33.4 मिमी भरतो आणि त्याची भिंत तीन मिमीच्या आसपास जाड असते. माझी ट्यूब बाहेरून मोजून 25.4 मिमी. म्हणजे दोन्ही बाजूंना चार-चार मिमी मोकळी जागा. एवढ्या पातळ ट्यूबला बाजूचा आधारच नसेल तर ती फुगणार आणि पिचकणारच. हे रोज पाइप वाकवणाऱ्या माणसाला कळू नये? आणि कळत असेल, तर गिऱ्हाइकाचा माल का नासवायचा?

यावर त्याने तोडगा काढला: रेती भरू. रेती भरून वाकवणं ही चांगली, जुनी रीत आहे, पण रेती चाळलेली, खडखडीत वाळवलेली आणि ठोकून ठोकून गच्च भरलेली लागते. त्याने बाहेरच्या ढिगातून ओलसर रेती भरली, दोन्ही टोकांना लाकडी गुट्टे ठोकले आणि गॅसची नळी पेटवली. मी हात धरून थांबवला. बंद ट्यूबमधल्या पाण्याची वाफ झाली तर गुट्टा गोळीसारखा सुटतो. समोर पोरगं उभं होतं. शिवाय स्टेनलेस तापवलं की काळवंडतं आणि पुढे तिथेच गंज धरायची भीती. ट्यूब उचलली आणि निघालो. नुकसान मीच सोसलं, याचा राग अजून आहे.

पुढे हिंगणा एमआयडीसीत दवाखान्याच्या खाटा बनवणाऱ्या एका कारखान्यात काम झालं, तेही चहा संपायच्या आत. त्यांच्या मशिनवर ट्यूब पकडून नेमक्या तिच्याच मापाच्या गोल डायभोवती ओढतात, आतून आधाराला दांडा असतो. एकही सुरकुती नाही. खाटा, खुर्च्या किंवा गाड्यांचे सायलेन्सर बनवणारे शोधा. गेट-ग्रिलवाल्यांकडे या कामासाठी जाऊ नका.

त्यांची डाय ट्यूबच्या मध्यरेषेवर 100 मिमी त्रिज्येची होती. आधी त्रिज्या विचारा, मग चित्र काढा. काटकोनाच्या एका बेंडमध्ये 157 मिमी ट्यूब जाते. चौकोनी कोपरा धरून मोजलं तर 200 येतात, म्हणजे दोन कोपऱ्यांत साडेआठ सेंटीमीटरहून जास्त फरक. मी फरशीवर खडूने पूर्ण मापाची कमान काढून घेतली होती, तिच्यावर ठेवून दोन्ही बेंड एकाच पातळीत आहेत का तेही दिसतं. ट्यूबवरची जोडाची रेघ बेंडच्या कुशीला ठेवा, बाहेर किंवा आत नको. स्टेनलेस सोडलं की थोडं उघडतं, म्हणून उरलेल्या तुकड्यावर एक बेंड मारून बघा. माझ्या ट्यूबला 90 अंशांसाठी 93 अंशांपर्यंत न्यावं लागलं.

हो, आणि वर पाणी साचू नये म्हणून मधल्या भागाला जो हलका बाक द्यायचा, तो रोलरवर कोपऱ्यांच्या आधीच काढून घ्या. कोपरे झाले की ट्यूब रोलरमधून जात नाही.

पाय लांबच ठेवून कमान बोटीवर नेली आणि तिथे उभी करून कापली. बोटीचे दोन्ही काठ सारखे नव्हते. एका पायाला बोटभर जास्त लांबी लागली. कारखान्यातच कापले असते तर कमान तिरपी बसली असती. खाली दोन्ही पायांना बारीक भोक पाडलंय, आत शिरलेलं पाणी निघून जायला. भाऊ आता सावलीत ताठ उभा राहून जाळं ओढतो.