गिअरबॉक्स उतरवण्याआधी क्लच कसा तपासला: माझा अनुभव

कसारा घाट चढून नाशिककडे येताना चौथ्या गिअरला इंजिन ओरडायचं आणि गाडी मात्र ओढायची नाही. आरपीएमचा काटा वर, वेग तिथेच. क्लच घसरण्याचं हे पक्कं लक्षण. नाशिकमधल्या द्वारका चौकाच्या गर्दीत ते कळत नाही, चढावर वरच्या गिअरला कळतं.

खात्रीसाठी सपाट जागी चाकाला दगड लावले, हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि १५०० आरपीएमला पेडल हळूहळू सोडलं. क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. माझं चालूच राहिलं. ही चाचणी एकदाच करावी, क्लच प्लेट जळते.

मग पेडल हाताने दाबून पाहिलं. वायरच्या क्लचला सुरुवातीचे काही मिलिमीटर पेडल हलकं जायला हवं. किती, ते गाडीच्या पुस्तकात असतं. इथे हा मोकळा प्रवास, म्हणजे प्ले, शून्य होता. म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग, क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटवर सतत टेकलेलं. वायरचा नट सैल करून प्ले दिला. घसरणं कमी झालं, थांबलं नाही.

म्हणून खाली वाकून बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या आवरणाच्या, तळाच्या भोकात बोट फिरवलं. बोटाला काळं, पातळ तेल लागलं. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, याला नव्हता. म्हणजे हे इंजिन ऑइल, आणि इंजिनच्या क्रँकचं मागचं ऑइल सील गळत होतं. नुसती प्लेट बदलली असती तर नवीही भिजली असती.

गिअरबॉक्स उतरवल्यावर प्लेटचे रिव्हेट अजून खोल होते, म्हणजे ती झिजली नव्हती, पण अस्तर तेलाने माखलेलं. सील, प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदललं, कारण खरी मजुरी गिअरबॉक्स काढण्या-चढवण्याची. स्प्लाइनला, म्हणजे प्लेट बसते त्या शाफ्टच्या खाचांना, ग्रीस अगदी पुसट लावलं. जास्त झालं तर उडून प्लेटवर बसतं.

आवाजाचं वेगळं. पेडल दाबल्यावर घरघर आली तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलला पेडल सोडल्यावर येऊन दाबताच थांबली तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. रिव्हर्स टाकताना खरखर होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. हायड्रॉलिक गाडीत दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर नीट पडला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरचं सील गेलंय. त्यासाठी लगेच गिअरबॉक्स उतरवू देऊ नका.

नवी प्लेट बसल्यावर वायर पुन्हा सेट केली आणि ५०० किलोमीटरनंतर प्ले परत तपासला. प्लेट झिजते तसा तो कमी होत जातो.