खिळ्यांची नोंद ४ : गाळातून निघालेले बास्करव्हिल

सांगलीच्या गावभागातील एका बंद पडलेल्या छापखान्यातून घेतलेल्या इंग्रजी खिळ्यांच्या (छपाईच्या शिशाच्या सुट्या अक्षरांच्या) दोन केसांचा, म्हणजे कप्पे असलेल्या लाकडी खोक्यांचा उल्लेख मागील नोंदीत केला होता. २०१९ च्या महापुरात त्या पाण्याखाली गेल्या होत्या. लाकूड फुगून कप्पे उकलले, शिसे मात्र शाबूत राहिले. केसवर चिठ्ठी नसल्यामुळे पहिले प्रूफ (तपासणीची छाप) पाहून हा टाइप, म्हणजे अक्षरघाट, कॅझलन नावाचा जुना इंग्रजी घाट असावा, असे मी ठरवून टाकले होते.

रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन एकेक खिळा धुताना लहान ‘जी’च्या खालच्या वाटीत कृष्णेचा गाळ घट्ट बसलेला आढळला. सुईने तो कोरून काढल्यावर, प्रुफात बंद दिसणारी ती वाटी प्रत्यक्षात डावीकडे उघडी निघाली. मग मोठ्या ‘ई’चा वरच्यापेक्षा लांब असलेला खालचा दांडा आणि ‘क्यू’ची लेखणीने फिरवल्यासारखी शेपटी पाहिली, आणि हा कॅझलन नसून बास्करव्हिल नावाचा टाइप आहे याबद्दल शंका उरली नाही. असे फसणारा मी एकटा नव्हे. बास्करव्हिलच्या बारीक रेघांनी वाचकांचे डोळे जातील, अशी तक्रार करणाऱ्या एका गृहस्थांना बेंजामिन फ्रँकलिन यांनी कॅझलनचाच नमुना वरचे नाव फाडून बास्करव्हिलचा म्हणून दाखवला, तेव्हा त्या गृहस्थांना त्यातही तेच दोष दिसले!

बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल आधी सुलेखन शिकवीत असे आणि दगडावर अक्षरे कोरीत असे. त्याच्या टाइपातील जाड-बारीक रेघांचा ठळक फरक आणि जवळजवळ ताठ उभा तोल त्या हातवळणातून आला असावा, असे मला वाटते. अशा रेघा खरबरीत कागदावर टिकत नाहीत हे ओळखून त्याने शाईवर मेहनत घेतली, छापलेले ताव तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबले आणि १७५७ मध्ये व्हर्जिलच्या काव्याची आवृत्ती काढली. माझ्या ट्रेडलवर (पायाने चालवायच्या छापयंत्रावर) याचा प्रत्यय लगेच आला. हातकागदावर ‘ई’ची मधली आडवी रेघ शाईने फुगून सेरिफ (अक्षरांच्या टोकांवरील बारीक रेघा) बोथट झाले, गुळगुळीत मॅपलिथो कागद लावून, टिंपनखालचे (छापायच्या कागदामागच्या आच्छादनाखालचे) दोन कागद काढून आणि शाई निम्मी करून घेतल्यावर तीच रेघ केसाइतकी बारीक उमटली.

माझ्या मते हा टाइप कविता, निमंत्रणपत्रिका आणि ओळींमध्ये भरपूर शिसपट्ट्या (ओळींत अंतर पाडणाऱ्या पट्ट्या) घातलेले गद्य यांसाठी आहे; वर्तमानपत्री कागद किंवा चित्राखालच्या बारीक ओळी त्याला मानवत नाहीत. देवनागरीशेजारी तो अधिक अवघड जातो, कारण बोरूच्या तिरप्या कापाने घडलेल्या आपल्या अक्षरांचा कल वेगळा, आणि वर-खाली मात्रा-उकारांना जागा द्यावी लागल्यामुळे त्याच पॉइंटातले (अक्षराच्या आकाराच्या मापातले) अक्षर लहान दिसते. बारा पॉइंट बास्करव्हिलशेजारी सोळा पॉइंट देवनागरी लावल्यावर पान बरे दिसू लागले, तरी शिरोरेघांची काळी पट्टी इंग्रजी ओळीला अजूनही दाबते.

‘क्यू’चे तीनच खिळे हाती लागले असून त्यांपैकी एकाची शेपटी मोडलेली आहे. पुढची जुळणी उरलेल्या दोघांवरच करायची आहे.