पट्टा कॅमेऱ्यात मावत नाही राव

वर्गातली निम्मी पोरं इंटर्नशिपला पुण्या-मुंबईला पळाली, मला काम मिळालं इथंच कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या एका तालमीत, मर्दानी खेळ शूट करायचं. एका संस्थेला पेठांमधल्या जुन्या कला रेकॉर्ड करून ठेवायच्यात, त्यातला हा माझा वाटा. घरी सगळ्यांना वाटतंय मी सुट्टीत टाइमपास करतेय.

लाठीकाठी जमते हो, पण दांडपट्टा म्हणजे डोक्याला ताप. पातं लांब आणि लवचिक, हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात, त्यामुळं मनगट वळतच नाही, सगळा फिरवा खांद्यातनं आणि कमरेतनं. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवलं की पात्याचा नुसता धूर दिसतो. शटर वाढवावं तर आत ट्यूबलाइट, आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते, १/१०० च्या पुढं गेलं की फ्रेममध्ये काळे पट्टे सरकायला लागतात (हे वेगळे पट्टे 😄). वस्तादांना स्क्रीनवर दाखवलं, म्हटलं वस्ताद, पातं दिसंनाच झालंय.

"दिसायला कशाला पायजे बाळ? दिसलं तर समोरचा वाचंल की. तू पाय बघ पाय."

मग पायच बघायला लागले आणि खरंच, सगळा खेळ पवित्र्यात आहे. एक शाळकरी पोरगी जमिनीवरचं लिंबू पट्ट्यानं कापते. क्लोजअप घेतला तर लिंबू आपोआप फुटल्यासारखं वाटतं, कुणी कापलं, पाऊल कुठनं कुठं पडलं, काही कळत नाही. कॅमेरा खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाइड, आणि कट न करता पूर्ण फेरी, तेव्हा कुठं पोरीचं कसब दिसलं. स्लो मोशन तर मी बंदच केलंय, त्यात कुणीही भारी दिसतं.

आवाजाचं वेगळंच. हलगी शेकून ताणली की बंद तालमीत पहिल्याच ठोक्याला रेकॉर्डरचं मीटर लालमध्ये. रेकॉर्डर बाहेर कट्ट्यावर ठेवला, आता हलगी, घुमकं, कैताळ तिन्ही वाद्यं वेगळी ऐकू येतायत, मधेच एखादी बुलेट पण येते, येऊ दे, पेठ आहे ती.

संस्थेचं म्हणणं मात्र वेगळं. २०२४ ला दांडपट्टा राज्यशस्त्र झालाय, तर ड्रोन शॉट पाहिजेत आणि मागं पिक्चरसारखं दणदणीत म्युझिक. मूकपटांच्या काळातल्या दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतः कॅमेरा तयार केला त्या गावात हलगीवर स्टॉक म्युझिक चढवायचं? मला नाही पटत. दोन कट करून पाठवलेत, एक त्यांचा, एक माझा. अजून उत्तर नाही. पोरी रोज विचारतायत, "ताई, यूट्यूबला कधी टाकतायसा?"